टीव्हीवर पैसे मागून आल्यावर पुढे काय होतं?

वणाकाठचा
मंडळी, घरचाच प्रश्न आहे म्हणून धागा काढतोय.

माझा चुलतभाऊ समुद्रपूर तालुक्यात जवसाची चटणी करतो. म्हणजे करतात काकू आणि त्यांच्या बचत गटातल्या चौदा बाया, हा विकतो. एक पल्व्हरायझर (दळायचं यंत्र), एक भाजायचं यंत्र, घरामागे टिनाचा शेड. महिन्याला पावणेदोन लाखांची विक्री. निम्मी नागपूर-वर्ध्याची दुकानं आणि प्रदर्शनं, बाकी व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी. कर्ज नाही, उधारी आहे.

आता त्याला 'शार्क टँक इंडिया'चं वेड लागलंय. टीव्हीवर गुंतवणूकदारांपुढे (त्यांना शार्क म्हणतात) धंदा मांडायचा आणि त्यातल्या हिश्शाच्या बदल्यात पैसे मागायचे, तो कार्यक्रम. फॉर्म भरला, व्हिडिओ पाठवला, पुढच्या फेरीचा फोन येऊन गेला. मुंबईचं बोलावणं अजून नाही, पण गावात पैसे बँकेत पडल्यासारखी चर्चा. काल पारावर एकानं मला विचारलं, "पन्नास लाखांत पहिले ट्रॅक्टर घेते का जेसीबी?"

टीव्हीवर डील झाल्यावर, किंवा न झाल्यावर, त्या धंद्याचं खरंच काय होतं? एपिसोड सगळ्यांनीच पाहिलेत. मला एपिसोड संपल्यानंतरचं सांगा.

कापूसकोंड्या
जेसीबी. ट्रॅक्टर त आता सगळ्याइकडे हाय.

हळद_वायगाव
वाचतेय. आमच्या गटातही हाच विषय निघालाय. कुणी अनुभवी असेल तर सविस्तर लिहा.

ताळेबंद
अकोल्यात सीएची प्रॅक्टिस आहे, म्हणून कागदाच्या बाजूनं लिहितो.

कॅमेऱ्यासमोर होते ती नुसती बोलणी. पोहे झाले, पसंती कळवली, एवढंच. तिथला शब्द कायद्यानं कुणालाच बांधत नाही. खरी चौकशी त्यानंतर सुरू होते. तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटीची विवरणं, बँकेचे उतारे, ट्रेडमार्क कोणाच्या नावावर, जागा कोणाची, मामाला तोंडी दहा टक्के कबूल केलेत का, सगळं उकरलं जातं. टीव्हीवर सांगितलेली विक्री आणि जीएसटीत दाखवलेली विक्री जुळली नाही की गाडी तिथेच थांबते. आपल्याकडे जुळते किती जणांची, ते मी इथे लिहीत नाही.

दुसरं, धंदा कोणत्या स्वरूपात आहे? प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीचा, असेल तर पाच टक्के कशातले देणार? शेअर कंपनीचे असतात, माणसाचे नसतात. आधी प्रायव्हेट लिमिटेड करावी लागेल. आणि कुणी 'शेतकरी उत्पादक कंपनी काढा' असा सल्ला देत असेल तर थांबा. तिचे सभासद प्राथमिक उत्पादक किंवा त्यांच्या संस्थाच होऊ शकतात. बाहेरच्या गुंतवणूकदाराला तिच्यात शेअर देताच येत नाहीत.

एक डोकेदुखी मात्र गेली. बाजारभावापेक्षा जास्त किमतीला शेअर दिले तर वरच्या रकमेवर २०१२ पासून 'एंजल टॅक्स' लागायचा. तो २०२४ च्या अर्थसंकल्पात काढून टाकला.

वणाकाठचा
@ताळेबंद, काका, ऐका. जीएसटी भावाच्या नावावर, फूड लायसन्स काकूंच्या, लाइटचं मीटर आजोबांच्या (वारून नऊ वर्षं झाली) आणि ब्रँडचं नाव आजीचं, पण ट्रेडमार्क कुणाच्याच नावावर नाही.

ताळेबंद
मुंबईच्या तिकिटाआधी अकोल्याचं तिकीट काढा.

कापूसकोंड्या
आजोबाले बी पाच टक्के द्या लागन.

धडक_मोर्चा
कागद-कागद करून घाबरवू नका पोराला. राष्ट्रीय चॅनेलवर रात्री दहा मिनिटं फुकट मिळताहेत, त्याची किंमत कळते का? डील होवो न होवो, देशभर नाव होईल. हरायला आहेच काय? जा म्हणावं बिनधास्त.

संत्रागल्ली
@धडक_मोर्चा, हरायला काय असतं ते मी सांगते. वाद घालायचा नाही, पण हे मी भोगलंय.

आमचं वरुडजवळ संत्रा-आवळा कँडीचं युनिट आहे. मी आणि माझा नवरा अशाच एका कार्यक्रमात जाऊन आलो. कार्यक्रमाचं आणि पैसेवाल्यांचं नाव लिहिणार नाही, विचारूही नका. आम्ही दीड तास उभे होतो. टीव्हीवर नऊ मिनिटं आली. किलोमागे खर्च किती, साल-बिया काढून गर किती उरतो, हे मी तोंडपाठ सांगितलं होतं, ते सगळं कापलं. गारपिटीत बाग गेली तेव्हाचं सांगताना नवऱ्याचा आवाज भरून आला, ते ठेवलं, वर बासरीही लावली. पंचवीस लाखांना पंधरा टक्के, असं ठरलं. टाळ्या, मिठ्या. परतीच्या गाडीत आम्ही झोपलो नाही.

मग काही महिने काहीच नाही. प्रसारण कधी, माहीत नाही, आणि तोवर कुणाला सांगायचं नाही अशी सही दिलेली. अचानक फोन आला, चार दिवसांनी दाखवणार. महिना एप्रिलचा. घरात माल सहाशे डब्यांचा. त्या रात्री दोन तासांत तेवीसशे ऑर्डरी आल्या आणि वेबसाइट बसली. आधी आम्ही नाचलो. एक वाजता लाइट गेली तेव्हा नवरा म्हणाला, एवढा आवळा आता आणायचा कुठून?

आवळा मिळाला, महाग. कुरिअरची गाडी गावात येत नव्हती, रोज मोटरसायकलवर पोती बांधून वरुडला. माल पोचायला पंधरा दिवस, काहींना तीन आठवडे. उन्हात कँडीचा गोळा झाला. घरी आल्यावर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी तिसरा हिस्सा घेईचना. ते डबे परत आले, जाण्यायेण्याचं भाडं आमच्या बोकांडी. वेबसाइटवर गिऱ्हाइकांचे शेरे: एक तारा, एक तारा, एक तारा. दीड महिन्यानं ऑर्डरी उतरून जिथे होत्या त्याच्या थोड्या वर येऊन थांबल्या.

आणि पंचवीस लाख? सात महिने कागद मागत राहिले, आम्ही देत राहिलो. 'नाही' असं कुणीच म्हटलं नाही. फक्त उत्तरं येणं थांबलं.

हळद_वायगाव
बाप रे. आणि गावात? गावात काय सांगितलंत?

संत्रागल्ली
तोच भाग सगळ्यात वाईट.

टीव्हीनं 'डील झाली' एवढंच दाखवलं. 'डील मोडली' याचा एपिसोड नसतो. दुसऱ्या दिवशी आवळेवाल्यानं मागची उधारी मागितली. आजवर पोळ्याला हिशेब करायचा, पण 'आता तर आले ना तुमच्याकडे'. पतसंस्थेचा माणूस ठेवीसाठी घरी. दूरच्या नणंदेला मुलाच्या फीसाठी दीड लाख हवे. सप्त्याची वर्गणी पाचशेची पाच हजार झाली. पॅकिंगच्या बायांनी रोज अडीचशेवरून चारशे मागितला. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांनीही तोच टीव्ही पाहिला होता. पैसे आलेच नाहीत हे सांगितलं तर कुणाला पटेना. 'लपवतात' म्हणाले. सासरे रोज संध्याकाळी देवळात जाऊन बसायचे, त्यांनी जाणं सोडलं.

पण पूर्ण तोटाच झाला असंही नाही, तेही लिहिते. दोन वर्षं जी बँक आम्हाला बसायला खुर्ची देत नव्हती तिनं ती क्लिप पाहून कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) दिलं, व्याजानं, घर गहाण घेऊन. इंदूरचा एक वितरक टिकला. आणि त्या तेवीसशेपैकी साधारण एकशे चाळीस घरांनी पुन्हा मागवलं, अजूनही मागवतात. आमचा धंदा त्या एकशे चाळिसांवर उभा आहे.

कापूसकोंड्या
ताई, म्या इथी मजाक करून रायलो होतो. आता कायले करू. तुमच्या कँडीचा पत्ता धाडा, दोन डबे पायजे.

धडक_मोर्चा
ताई, माझं 'हरायला काय' मागे घेतो. पण तरी विचारतो, बँकेनं दार उघडलं ते टीव्हीमुळेच ना? पुन्हा संधी आली तर जाल का?

संत्रागल्ली
जाईन. पण तीन हजार डबे पॅक करून, आणि कँडी उन्हाळ्यात न विकता.

पेठेतला
क्षमस्व, पण थोडं स्पष्ट बोलतो. हा नियोजनाचा अभाव आहे. विदर्भात माल उत्तम असतो, मार्केटिंग जमत नाही. पुण्यात साधं घरगुती लोणचं विकणारीही आधी पॅकेजिंग, मग वेबसाइट, मग जाहिरात असा क्रम लावते.

झाडीपट्टी
दादा, मार्केटिंग जमते. पिकअप नाही जमत. तुमच्या लोणचेवालीच्या दारात दिवसातून चार कुरिअर येत असतील. आमच्या पिनकोडवर 'सेवा उपलब्ध नाही' येते. समृद्धी महामार्ग सातशे एक किलोमीटरचा झाला, नागपूरहून मुंबई आठ तासांत म्हणतात. आमच्या गावाहून तालुक्याला जायला पावसाळ्यात त्यातले दोन जातात.

पेठेतला
मान्य. क्रम चुकला असं म्हणायचं होतं, माणसं चुकली असं नव्हे.

कापूसकोंड्या
पुण्याच्या मानसानं 'मान्य' म्हटलं. स्क्रीनशॉट काढून ठेवा बे कोणीतरी.

फवारणी_पंप
पहिल्या सीझनमधला (डिसेंबर २०२१ ला सुरू झालेला) मालेगावचा जुगाडू कमलेश आठवतो का? फवारणीच्या टाकीचं ओझं पाठीवर नको म्हणून त्यानं ढकलायची गाडी केली होती. शहरातल्यांना ती गंमत वाटली असेल. मी यवतमाळ जिल्ह्यातला. २०१७ च्या खरिपात आमच्याकडे कपाशीवर फवारता फवारता विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले. छातीएवढ्या कपाशीत पाठीवर पंप, तोंडाला रुमाल, वारं उलटं. त्याला पाहताना आमच्या घरात कुणी हसलं नाही.

पण डील पाहा. त्यानं मागितले तीस लाख, दहा टक्क्यांना. मिळाले दहा लाख चाळीस टक्क्यांना, वर वीस लाख कर्जाऊ. लेन्सकार्टवाल्या पीयूष बन्सलनं दिले. चाळीस टक्के! ही मदत म्हणायची का बटाई?

ताळेबंद
हिशेब मांडतो. तीस लाखांना दहा टक्के म्हणजे त्याच्या मते धंद्याची किंमत तीन कोटी. दहा लाखांना चाळीस टक्के म्हणजे समोरच्याच्या मते पंचवीस लाख. मात्र वीस लाखांचं कर्ज बिनव्याजी होतं, ते त्यात धरा. ज्याच्याकडे विक्री नाही, नुसता नमुना आहे, त्याला दुसरं कोण बिनव्याजी देतं?

फवारणी_पंप
बिनव्याजी तर आमचा सावकारही म्हणतो. शेत लिहून घेतो.

ताळेबंद
इथे निदान शेत नाही, शेअर लिहून घेतले. बुडाला तर घर जात नाही. संत्रागल्ली ताईंचं घर मात्र आज बँकेत आहे. मला विचाराल तर पहिल्या व्यवहारात धोका देणाऱ्याचा आहे, दुसऱ्यात पूर्ण घेणाऱ्याचा.

फवारणी_पंप
पटलं अर्धं. चाळीस अजून पचत नाही.

हैदराबादेत_अडकलेला
इथलं उदाहरण देतो. स्किपी आइस पॉप्स, पहिल्याच सीझनमध्ये पाचही शार्क एकत्र आले, एक कोटी, पंधरा टक्के. ऑर्डरींचा पूर आला तो त्यांना झेलता आला, याचं एक कारण माल. पेप्सीकोल्यासारखी कांडी, पण ती पातळच विकतात, गोठवायची गिऱ्हाइकानं घरच्या फ्रीजमध्ये. वाटेत बर्फ नको, फ्रीजर नको. संत्रागल्ली ताईंचा माल उन्हात वितळला, यांचा मुळातच वितळलेला.

नकाराचंही ऐका. अमेरिकेतल्या 'शार्क टँक'मध्ये २०१३ साली एक जण दाराच्या बेलला कॅमेरा लावून आला, पैसे न घेताच परतला. पुढे त्याचीच 'रिंग' झाली, २०१८ मध्ये अमेझॉननं अब्ज डॉलरच्या वर देऊन घेतली. त्याच वर्षी तो त्या कार्यक्रमात पाहुणा शार्क म्हणून खुर्चीत बसला.

कापूसकोंड्या
आमच्या दाराले बेल नाही, कुत्रं हाय. व्हॅल्युएशन सांगा.

जुना_मास्तर
ही कल्पना अमेरिकेची नव्हे बरं का. मूळ कार्यक्रम जपानचा, २००१ मधला, 'पैशाचे वाघ' अशा अर्थाच्या नावाचा. इंग्लंडात त्याचे ड्रॅगन झाले, अमेरिकेत शार्क. विदर्भात काढला तर पुन्हा वाघच ठेवावा लागेल. ताडोबा जवळ आहे, खर्च कमी.

अन्नतंत्र
सगळे पैशांवर बोलताहेत, कुणी जवसावर बोलेना. मी अन्न प्रक्रियेतली, म्हणून विचारते: चटणी किती दिवस टिकते?

जवस अख्खा असेल तर महिनोन्महिने काही होत नाही. दळला की त्यातलं तेल हवेला उघडं पडतं. ज्या ओमेगा-३ च्या जोरावर पाकिटावर 'हृदयासाठी उत्तम' छापता, तेच सगळ्यात लवकर खवट होतं. ऊन आणि उजेड मिळाला तर आणखी लवकर. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत बंद गाडीत आठ दिवस फिरलेलं पारदर्शक पाकीट बंगळुरूला उघडलं तर काय वास येईल, ते काकूंना विचारा. उजेड न शिरणारं फॉइलचं पाकीट, आत नायट्रोजन भरून सीलबंद, छोटं वजन, वर भाजल्याची तारीख. हे टीव्हीच्या आधी. खुर्चीतला माणूस पहिला प्रश्न हाच विचारेल आणि तो बरोबर असेल.

आणखी एक, राज्याबाहेर माल पाठवायला जीएसटी पहिल्या पाकिटापासून लागतो. भावाकडे आहे म्हणता, मग ठीक.

वणाकाठचा
@अन्नतंत्र, पाकीट पारदर्शकच आहे. 'माल दिसला पाहिजे' हे भावाचं तत्त्व. काकू मात्र घरातली चटणी चिनीमातीच्या बरणीत, फडताळात ठेवतात आणि पंधरा दिवसांची एकदम कधीच करत नाहीत.

अन्नतंत्र
मग तंत्रज्ञ घरातच आहे. तिचं ऐकत जा.

संत्रागल्ली
@अन्नतंत्र, विषय निघालाच आहे तर, नागपुरी संत्र्याचा रस दुसऱ्या दिवशी कडू का होतो? आम्ही रसाचा प्रयत्न केला, वाया गेला.

अन्नतंत्र
लिमोनिन. फळ खाताना कडू लागत नाही. रस काढला की सालीखालच्या पांढऱ्या भागातून आणि बियांतून आलेला घटक हळूहळू कडू होतो. बिया न चिरडता, हलका दाब देऊन रस काढला तर कडूपणा कमी होतो, जात नाही. तुम्ही कँडीकडे वळलात ते शहाणपण.

वऱ्हाडी_ठेचा
तरी सावजी मसाल्याचं कोणी काहीच बोललं नाही अजून. माझा मेव्हणा

वऱ्हाडी_ठेचा
माफ करा, अर्धाच गेला. मेव्हण्याचं नंतर लिहितो, तो इथे वाचतो.

व्यवस्थापक
संत्रं, सावजी, वाघ यांना वेगळे धागे आहेत. मूळ प्रश्नावर या.

हळद_वायगाव
मूळ प्रश्नावरच येते. पैसा यंत्राला हवा असेल तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे. २०२० पासून. यंत्र-शेडच्या खर्चावर ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाख. गटातल्या प्रत्येक बाईमागे चाळीस हजारांचं बीजभांडवल वेगळं. कुणाला टक्का द्यावा लागत नाही. आम्ही गिरणी आणि पॉलिशर त्यातूनच घेतलं. हेलपाटे मात्र अकरा झाले, मोजले होते. बँकेतला साहेब बदलला की फाइल पुन्हा पहिल्या पानावर.

कापूसकोंड्या
अकरा हेलपाटे न् बासरी बी नाही लावली कोणी.

ताळेबंद
जाता जाता एवढं. खुर्चीत बसणारे वाईट नाहीत, पण तेही दुकानदारच. शार्क झालेल्या आपल्याच पुण्याच्या नमिता थापर यांची औषध कंपनी एमक्युअर २०२४ मध्ये शेअर बाजारात आली, गझल अलघ यांच्या ममाअर्थची मूळ कंपनी त्याच्या आदल्या वर्षी. दर आठवड्याला घराघरांत चेहरा दिसण्याचा फायदा त्यांनाही असतोच. त्यात गैर काही नाही. फक्त भाऊनं जाताना समजून जावं, की त्या मंचावर दोन्हीकडचे लोक विकायलाच आलेले असतात.

वणाकाठचा
काल रात्री भाऊ आणि काकूंना बसवून अख्खा धागा वाचून दाखवला. संत्रागल्ली ताईंचं देवळाचं वाक्य आलं तेव्हा काकांनी पंखा बंद करायला लावला, नीट ऐकू यावं म्हणून.

भाऊ चिडला. "तुला मी पुढं गेलेला पाहवत नाही," म्हणाला. मग अर्ध्या तासानं स्वतःच जीएसटीची फाइल घेऊन आला. विक्रीचा आकडा जुळत नाही. प्रदर्शनातली रोख विक्री कुठे लिहिलेलीच नाही. @ताळेबंद, शनिवारी येतोय.

काकूंचा प्रश्न वेगळाच होता. "त्या मानसाले टक्के देल्यावर तो जवस भाजाले येईन का?" भावानं सांगितलं, तो येत नाही, पैसे लावतो. "मंग हात त आमचेच राह्यले. पह्यले आमचा रोज वाढव, मंग जा मुंबईले." चौदा बायांचा रोज आजच ठरवून घेतला तिनं, माझ्यासमोर. टीव्हीवर येण्याच्या आधीच.

फॉर्म मागे घेतलेला नाही. बोलावणं आलं तर तो जाणार. पण त्याआधी पाकीट बदलायचं, मीटर आजोबांच्या नावावरून काढायचं आणि दुसरा पल्व्हरायझर. तो सिंगल फेजवर चालणार नाही. आमच्या भागात व्यावसायिक थ्री फेजचं डिमांड (वीज कंपनीनं मागितलेली रक्कम) भरल्यावर किती दिवसांत कनेक्शन मिळतं, कुणाला ताजा अनुभव?

फवारणी_पंप
शेतीच्या पंपाचं डिमांड भरून किती वर्षं झाली ते सांगू का?

हळद_वायगाव
आम्हाला पाच महिने. खांब आमच्याच खर्चानं. वायरमनचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करते.

व्यवस्थापक
थ्री फेजसाठी कृपया वेगळा धागा काढा. तो खूप लांबेल.